परबबाईंनी नातीला घेतलं नाही

मरोळच्या औषध कंपनीत पॅकिंगला लागले, त्या पहिल्या दिवशी परबबाईंनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "नाव नंतर. आधी हात दाखव." मी दाखवले. त्यांनी ते उलटे केले, नखं बघितली, बोटांच्या बेचक्यांत बघितलं, बाही कोपरापर्यंत वर सारली. "काय गो, मेंदी काढून आलीस? हय काय लगीन आसा?" मेंदी उतरेपर्यंत मला गोदामात खोके चिकटवायला बसवलं. मनात म्हटलं, ही बाई आपली वाट लावणार.

परबबाई आमच्या सुपरवायझर. माणसं मालवणकडची, घर कांदिवलीला. नवरा लवकर गेला, एकुलत्या संदेशला त्यांनी एकटीनं वाढवलं. रोज सकाळी लाइन सुरू होण्याआधी सगळ्या बायकांचे हात तपासायच्या. पुरळ दिसलं, खाज दिसली, बोट चिरलेलं दिसलं की घरी. ओव्हरटाइम ऐन रंगात असताना त्यांनी आपल्या मावसबहिणीला परत धाडलं होतं, ती पुढं कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती. "आपल्या हातातलं दुसऱ्याच्या तोंडात जातं," एवढंच त्या म्हणायच्या. आणि जिला घरी धाडलं, तिच्याकडे संध्याकाळी माशाच्या कालवणाचा डबा घेऊन जाणाऱ्याही त्याच. मी त्यांना आधी घाबरायचे, मग कधी जीव जडला ते कळलं नाही.

पन्नाशीच्या आसपास त्यांची पाळी थांबली. "सुटले गो एकदाची," म्हणत त्यांनी कॅन्टीनमध्ये आम्हाला कांदाभजी खिलवली. पण त्यानंतर भर मे महिन्यात त्या पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज घालायला लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, एसीचा वारा सोसत नाही. गालांची कातडी कोरडी पडून तिचे पापुद्रे निघत होते. चेहरा ओढल्यासारखा दिसायचा. आम्ही म्हटलं, वय झालं. मग एक दिवस त्यांनी नोकरीच सोडली. सून, ऋतुजा, गरोदर होती. नातवंडासाठी सोडली असणार, असं आम्ही धरून चाललो आणि त्यांनीही तसंच सांगितलं.

मुलगी झाली. बारशाला मी कांदिवलीला गेले. बायका पाळण्याभोवती, हसणं-खिदळणं चाललेलं, आणि परबबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. ऋतुजाच्या आईनं बाळ त्यांच्यापुढं धरलं, "घ्या विहीणबाई, तुमची नात." परबबाई दोन पावलं मागं सरल्या. "नको, तुमच्याकडेच असू दे." कुणीतरी हळूच म्हणालं, "मुलगी ना, म्हणून." ऋतुजानं ते ऐकलं. मी तिच्याकडेच बघत होते.

मी तडक स्वयंपाकघरात शिरले. "हे काय वागणं, परबबाई?"

त्यांनी दार लोटलं आणि बाही वर केली. कोपरापर्यंत ओरखडेच ओरखडे. "खरूज आसा गो. रात्री अंगावर मुंग्या चालतात. दिवा लावून बघते, तर काय नाय. मेडिकलवाल्याकडचं मलम चोळते, तर आणखीनच भडकते."

"कधीपासून?"

"कंपनी सोडायच्या आधीपासून. दुसरीला घरी धाडायचं आणि आपण बाही ओढून उभं राहायचं? माका नाय जमूचा ता."

म्हणजे नोकरी त्यासाठी सोडली होती. मी म्हटलं, सुनेला सांगा. त्या म्हणाल्या, "ओली बाळंतीण ती. घाबरून दूध आटलं म्हणजे?" डॉक्टरकडे चला म्हटलं, तर अंग उघडं करून दाखवायची लाज. "जाईल गो आपसूक. गेली की घेतलंच तिला."

खाज काही गेली नाही. परबबाईंनी घरात आपलं ताट वेगळं केलं, टॉवेल वेगळा केला. बाळ रडायला लागलं की दारातूनच हाक मारायच्या, "ऋतुजा, बघ गो." न राहवून मी संदेशला फोन करून खरजेचं सांगितलं. त्यानं उलट फोन केला, "मावशी, मी विचारलं आईला. म्हणते, मला काही झालेलं नाही." ऋतुजानं जो अर्थ लावायचा तो लावला. मी तिला दोष देत नाही, तिच्या जागी मीही तोच लावला असता. बाळ रांगायला लागलं तेव्हा ते तिघं मुलुंडला, ऋतुजाच्या माहेराजवळ, भाड्याच्या घरात राहायला गेले.

मग मात्र मी परबबाईंना दंडाला धरून अंधेरीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी हात बघितले आणि विचारलं, "पाळी कधी थांबली?"

"पाळीचा खरजेशी काय संबंध?" परबबाई चिडल्याच.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं. पाळी जाते तेव्हा शरीरातलं एक संप्रेरक कमी होतं. कातडी पातळ होते, तिच्यातला ओलावा आणि तेल कमी होतं. म्हणून खाज, म्हणून मुंग्या चालल्यासारखं वाटणं. पुष्कळ बायकांना होतं. खरजेच्या मलमानं कातडी आणखी सोलवटली होती. "ही खरूज नाहीच, आजी. कुणालाही लागत नाही."

परबबाईंनी बाही खाली ओढली. मग म्हणाल्या, "म्हणजे बारशाला घेतलं असतं, तर चाललं असतं?"

"हो. खुशाल."

त्या खुर्चीतून उठेनात. मलमाची चिठ्ठी मीच घेतली आणि त्यांना हाताला धरून उठवलं.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता मुलुंडला जाऊ. तर म्हणाल्या, "असे हात घेऊन? पोरीला किळस येईल. बरे होऊ देत." डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मलम नेमानं लावलं, हात चांगले झाले आणि मगच निघाल्या. मी सोबत होते. ऋतुजानं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्या हातांकडे बघून म्हणाली, "कुठं काय आहे, आई?"

"आता बरं झालं गो."

"हो का," ती म्हणाली. "मुलगी झाली म्हणून घेतलं नाहीत, एवढं तरी कबूल करा. मी काही बोलणार नाही."

"अगं, मी डोळ्यांनी बघितलंय," मी म्हटलं.

"तुम्ही त्यांच्या मैत्रीण, मावशी."

ओवी, म्हणजे नात, तोवर चालायला लागली होती. परबबाईंनी हात पुढं केले तशी ती रडत आईच्या मागं लपली. "राहू दे, भ्याली पोर," परबबाई म्हणाल्या, आणि आणलेला खाऊ टेबलावर ठेवून आम्ही निघालो. त्यानंतरही त्या अधूनमधून जायच्या. बसायच्या, चहा घ्यायच्या, यायच्या. ओवी त्यांच्याजवळ कधी गेली नाही.

गेल्या हिवाळ्यात परबबाई झोपेतच गेल्या. अंघोळ घालायला आम्ही बायका आत होतो. ऋतुजा तांब्यानं पाणी घालत होती. आम्ही त्यांना कुशीवर वळवलं आणि तिचा हात थांबला. पाठभर ओरखडे. काही जुने, काळे पडलेले, काही अगदी ताजे. मलम त्यांचा हात पोचेल तिथंच लागलं होतं. पाठीला लावून द्यायला त्या घरात कुणी नव्हतं, आणि मलाही त्या कधी बोलल्या नाहीत.

"हे असं होतं?" ऋतुजानं विचारलं.

"हातांना याहून वाईट होतं," मी म्हटलं. "बारशाच्याही आधीपासून."

तिनं तांब्या खाली ठेवला. पदरानं पाठ टिपली, स्वयंपाकघरातून खोबरेल आणलं आणि हातावर घेऊन लावायला लागली. सावकाश, खांद्यापासून खाली, एकेक ओरखडा बघत. बाहेर माणसं खोळंबली होती. कुणीतरी दार वाजवून म्हणालं, "आटपा, उशीर होतोय."

"थांबा जरा," ऋतुजा म्हणाली. "आईंची पाठ राहिलीय."