रिकाम्या पासवर्डची चौकशी

"ते काही नाही. पासवर्ड भोईरचा, तर रिलीजही भोईरनेच केला," सबनीससाहेब म्हणाले. "दसरा होऊ दे. सोमवारी चौकशी, मंगळवारी घरी."

सबनीस आमचे वर्क्स मॅनेजर. कारखाना मानपाड्याला, केमिकलचा. मी तिथली सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे कॉम्प्युटर अडला की सगळे जिच्या नावाने बोंब मारतात ती. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं.

भोईरकाका लॅबचे सुपरवायझर. जवळच्याच गावातले. माल टेस्ट झाला की त्यांनी स्क्रीनवर 'रिलीज' दाबायचं, मगच टँकर गेटबाहेर. एक टँकर टेस्ट न होताच गेला आणि गिऱ्हाइकाकडची अख्खी बॅच नासली. रेकॉर्डवर नाव भोईरांचं. काका शपथेवर सांगत होते, "मॅडम, मी नाय सोरला तो टँकर." ऐकतंय कोण!

आमच्याकडे नवा डिरेक्टरी सर्व्हर आला होता. सगळ्या माणसांची नावं आणि पासवर्ड एकाच जागी ठेवणारा कॉम्प्युटर. बाकीच्या सिस्टिम त्यालाच विचारतात, हा माणूस खरा का? तो हो म्हणाला की आत सोडतात. साहेबांचा त्याच्यावर देवापेक्षा जास्त विश्वास.

खंडेनवमीला आम्ही लॅबमध्ये मशीनची पूजा करायचो. मॉनिटरला झेंडूची माळ घालायची आणि कीबोर्ड काढून पाटावर मांडायचे. हळदकुंकू पाटावरच राहायचं, कॉम्प्युटरच्या पोटात जायचं नाही. आरती झाली, पेढे वाटले, कीबोर्ड टेबलावर परत आले. मी त्या टँकरचं रेकॉर्ड पुन्हा बघायला बसले. यादीतून माउसने माझं नाव निवडलं, सवयीने पासवर्ड बडवला, ओके केलं, आत गेले. मग टँकरचा नंबर टाकायला लागले तर अक्षर उमटेना. मागे वाकून बघते तर कीबोर्डची वायर लोंबकळतेय. जोडलीच नव्हती कोणी.

अगं बाई! मग मी आत शिरले कशी?

सिस्टिममधून बाहेर येऊन भोईरांचं नाव निवडलं. पासवर्ड काहीच नाही. ओके. आत! सबनीसांचं नाव निवडलं. आत! आणि मग असा संताप आला म्हणता!

झालं होतं असं. चुकीचा पासवर्ड दिला तर सर्व्हर हाकलून द्यायचा, म्हणून सगळ्यांना वाटायचं बंदोबस्त पक्का आहे. पण पासवर्डची जागा रिकामी सोडली तर तो समजायचा, कोणी पाहुणा आलाय, नुसती नावं बघून जाईल. पाहुण्याला तो 'या' म्हणायचा. आणि आमची रिलीजची सिस्टिम ते 'या' ऐकून धरून चालायची की पासवर्ड बरोबर आहे.

मी सॉफ्टवेअरवाल्यांना अंधेरीला फोन लावला. तिथला इंजिनिअर शांतपणे म्हणाला, "मॅडम, सर्व्हर स्टँडर्डप्रमाणेच वागतोय. रिकामा पासवर्ड तुमच्या रिलीजच्या सिस्टिमने अडवायला हवा."

"आणि ती सिस्टिम कोणी बनवली?"

"...आम्हीच."

सबनीसांना सांगितलं, तर त्यांनी आधी केबिनचं दार लावलं. "हे बाहेर फुटलं तर नवीन सिस्टिम घेतली कोणी, हे विचारतील. तुम्ही यात पडू नका. सोमवारी हवं तर रजा घ्या."

"रजा नको, साहेब. सोमवारी मी चौकशीत येणार."

"तुम्हाला बोलावलेलं नाही."

"माहितेय."

काकांच्या कानावर हे गेलं. गेटपाशी मला थांबवून म्हणाले, "माज्यापायी तुमी नोकरी घालवू नका."

"तुमच्यापायी नाही हो, काका. माझ्या सिस्टिमने तुमच्यावर खोटा आळ घेतलाय. मला झोंबलंय ते."

सोमवारी ठाण्याच्या हेड ऑफिसातून पर्सोनेल ऑफिसर आले. काका खुर्चीच्या कडेवर बसलेले, नजर जमिनीकडे. मी दार ढकलून आत गेले. सबनीस काही बोलायच्या आत तिथल्या कॉम्प्युटरची कीबोर्डची वायर उपटली आणि कीबोर्ड ऑफिसरसाहेबांच्या मांडीवर ठेवला.

"सर, आता पासवर्ड कोणीच टाकू शकत नाही. बरोबर? माउसने कुठलंही एक नाव निवडा."

त्यांनी नेमकं सबनीसांचं निवडलं. ओके दाबलं. स्क्रीन उघडली. गेटवर उभे असलेले टँकर रांगेने दिसायला लागले.

"सोडू एखादा, साहेब? तुमच्या नावाने?" मी सबनीसांना विचारलं.

"हात लावू नका!" ते ओरडले.

ऑफिसरसाहेबांनी मांडीवरचा कीबोर्ड उचलून टेबलावर ठेवला. मग त्यांनी चौकशीची फाइल मिटली. काका दुपारच्या शिफ्टला लॅबमध्ये हजर. टँकर खरा कोणी सोडला, याचा संशय मला तेव्हाही होता, आजही आहे. पुरावा नाही म्हणून नाव घेत नाही.

सॉफ्टवेअरवाले दुरुस्ती करेपर्यंत मी रिलीजची सिस्टिम बंदच ठेवली. टँकर सहीवर सुटायला लागले. खूप आरडाओरडा झाला. म्हटलं, होऊ दे.

चौकशीच्याच संध्याकाळी सबनीसांच्या नावाने मला मेलवर मेमो आला. दुसऱ्याच्या लॉगिनने सिस्टिममध्ये शिरल्याबद्दल खुलासा करा. आमचा मेलसुद्धा त्याच सर्व्हरला विचारून चालायचा, आणि दुरुस्ती अजून व्हायची होती. मी उत्तर लिहिलं: "मेमो मिळाला. पण तो आपणच पाठवलाय, हे कृपया सिद्ध करावे."

तेव्हापासून कुठलीही नवी सिस्टिम आली की मी आधी पासवर्ड न देताच शिरून बघते. विकणारे म्हणतात, "मॅडम, असं कोणी करत नाही." मी म्हणते, "बसा. आधी तुमच्याच नावाने बघू."