कालवाळी बाटली

आमची सून शलाका बडोद्याबाहेर पादरा गावाच्या रस्त्यावर एका लॅबमध्ये कामाला आहे. साबण, शाम्पू डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होईल का, ते तपासायचं. पूर्वी म्हणे सशांच्या डोळ्यात थेंब घालून बघायचे. ऐकूनच माझ्या अंगावर काटा आला होता. हिच्याकडे ससाबिसा काही नाही. इवल्याशा कपात माणसाच्या पेशी वाढवून डोळ्यावरच्या पडद्यासारखा पापुद्रा केलेला असतो. त्यावर शाम्पू घालायचा, मग एक पिवळं पाणी. पेशी जिवंत असल्या तर जांभळ्या होतात, मेल्या तर रंगच येत नाही. एवढं मला कळतं, आणि आमच्या गल्लीतल्या, घडियाळी पोळेतल्या बायकांना मीच समजावते.

बोलायला मात्र बाई भारी घाईची. बाहेर गुजराती बोलते, पण डोकं मराठीत चालतं. शनिवारी मयंकचा फोन आला. तो लहान बाळांचा शाम्पू बनवणाऱ्या कंपनीतला. त्याने दोन बाटल्या तपासायला दिल्या होत्या. एकीचा निकाल शुक्रवारीच लागला होता, चांगला. दुसरीचा रविवारी लागायचा होता, हे त्यालाही ठाऊक होतं. भाजी निवडता निवडता ही म्हणाली, "कालवाळी एकदम बराबर छे, मयंकभाई." म्हणजे कालची अगदी ठीक आहे. मी समोरच बसले होते, मलाही काही खटकलं नाही. आमचा काल म्हणजे गेलेला दिवस. गुजरातीत येणाऱ्या दिवसालाही कालच म्हणतात, हे बडोद्यात जन्म काढूनही आम्ही विसरतो!

रविवारी सकाळी लॅबमधल्या भक्तीने दुसऱ्या बाटलीचा फोटो पाठवला. सगळे कप कोरे. "बरं झालं बाई, बाजारात जायच्या आधी सापडली," असं शलाका म्हणतेय, तोच मयंकचा मेसेज आला. तुम्ही आधीच पास केलेली ती कालवाळी, रविवारची, घरी आणलीय, आज बेबीला त्यानेच न्हाऊ घालतो.

"आई गं! त्याने आजच्या निकालाची घेतली!" तिचा चेहरा पांढराफटक पडला. फोन लावला. नुसता वाजतोय. पुन्हा लावला. कोणी उचलेना.

तिला एकटीला कशी सोडणार? बसले मागे स्कूटरवर. आम्ही फौजेतल्या घराण्यातली माणसं, भ्यायचं नाही, असं माझे सासरे सांगायचे. सांगायला काय जातं! सुभानपुऱ्यात मयंकच्या घरापर्यंत मी हिची ओढणी मुठीत धरून नुसतं "देवा, देवा" करत होते. ही सिग्नलला थांबेना, आणि एरवी कान उपटणारी मीच म्हणत होते, "चल, चल."

जिन्यातच बाळाचं रडणं ऐकू आलं. काळीज पिळवटणारं. मी कठडा धरला. शलाका दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

दार मयंकच्या बायकोने, मितालीने उघडलं. कडेवर पोर, रडून लाल झालेली, पण कोरडी. अजून न्हाणं झालंच नव्हतं, भुकेने रडत होती. मी देवाचं नाव घेणार, तेवढ्यात आतून कण्हणं ऐकू आलं. मयंक बेसिनपाशी वाकून एक डोळा दाबून उभा होता.

शलाकाने त्याची मान धरून डोळा नळाखाली घातला. "मयंकभाई, हे काय केलंत?"

"तुम्ही सशावर तर बघत नाही," तो कण्हत म्हणाला. "कपावर विश्वास बसेना. म्हटलं, बेबीला लावण्याआधी एक थेंब माझ्याच डोळ्यात घालून बघू."

"कपाने बरोबरच सांगितलं होतं हो!" शलाका रडायलाच लागली. "मीच तुम्हाला चुकीचं सांगितलं."

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी बांधली. जखम खोल आहे, नजर किती राहील ते पट्टी निघाल्यावरच कळेल, म्हणाले. शलाका भिंतीला टेकून खाली बसली. माझा मात्र भीतीने ताबाच सुटला.

"मेल्या, डोळा काय बाजारात मिळतो? स्वतःच्या डोळ्यात घालतोस?"

मितालीच्या कडेवर पोर झोपली होती. पोरीचा पाय चाचपून धरत तो म्हणाला, "मारी तो एक ज आंख गई, मासी. बेबीचे तर दोन्ही डोळे गेले असते."