दोन्ही पावलांची नाडी लागते

दहिसरच्या वन रूम किचनमध्ये बसून मी परदेशी डॉक्टरांची बडबड टाइप करतो. पेशंट तपासून ते जे रेकॉर्ड करतात, ते ऐकून मी रिपोर्ट बनवायचा. नातेवाइकांना वाटतं मी अर्धा डॉक्टर झालोय. प्रत्यक्षात अर्धं झालंय ते जेवण. पू, थुंकी आणि शौचाचा रंग ऐकत कढी पिता येत नाही, करून बघितलंय.

त्यातला एक डॉक्टर तर खात खात बोलायचा. मचमच, गिळणं, मग जखमेचं वर्णन, मग ढेकर. हेडफोनमधून त्याचा घास थेट माझ्या कानात फिरायचा. शी! म्हणून मी अक्कल लढवली. त्याच्या तपासणीचा भाग बहुतेक वेळा तोच असायचा: छाती स्वच्छ, पोट मऊ, पायांना जखम नाही, दोन्ही पावलांची नाडी लागते. हा मजकूर आमच्याकडे तयारच असतो, बटण दाबलं की उमटतो. तेवढा भाग मी हेडफोन काढून ठेवायचो आणि बटण दाबायचो. झकास!

आधीच दोन गंभीर चुका माझ्या नावावर होत्या. तिसरी झाली की काम बंद, असं आमचे रिपोर्ट तपासणाऱ्या मॅडमनी बजावलं होतं. एका दुपारी त्यांचाच फोन.

“काय रे, या माणसाला पाय किती?”

“दोन असतील ना, मॅडम.”

“असतील? डावा गुडघ्याखाली कापलाय त्याचा. तुला कुठे नाडी लागली, दहिसर चेकनाक्यावर?”

“ऑडिओ फार खराब होता, मॅडम. काही कळतच नव्हतं.”

“मी ऐकलाय. लाव आता. आहे मी फोनवर.”

लावला. मचमच होतीच. पण मध्येच त्याने घास गिळला आणि सावकाश, स्वच्छ सांगितलं: डावा पाय कापलेला, टाक्यांतून पू येतोय, घाण वास आहे, उद्या पुन्हा उघडायचं.

“खराब आहे?”

“नाही.”

“उद्या तो पाय उघडणारा सर्जन हाच रिपोर्ट वाचणार होता. पाठवायच्या आधी मी रिपोर्ट तपासला म्हणून वाचलं. तिसरी लिहू की नको? तूच सांग.”

“लिहा,” म्हणालो.

यात शौर्य वगैरे काही नव्हतं. तोंड याहून जास्त उघडलं असतं, तर तिथेच कीबोर्डवर ओकलो असतो.