जीचं पान

आमच्या कंपनीच्या प्रशिक्षण रजिस्टरात जी या इंग्रजी अक्षराच्या पानावर माझी सही आहे. ती खोटी आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

चाकणच्या त्या कारखान्यात पत्रे दाबून गाड्यांचे भाग बनतात. प्रेसवरची बटणं, दिवे, पाट्या सगळ्या इंग्रजीत. नव्या माणसाला ते शब्द यावेत म्हणून रजिस्टर होतं. एका पानावर एक अक्षर. ते अक्षर ज्या शब्दात कुठंही असेल, तो शब्द मशीनवर शोधून लिहायचा, समोर मराठी अर्थ, खाली शिकणाऱ्याची आणि शिकवणाऱ्याची सही. शिकवणारा मी.

परभणीकडचा एक जण माझ्याकडे आला. वयानं माझ्याएवढाच, शाळा सातवीपर्यंत. दोघंही रहाटणीत राहायचो, एकाच कंपनी बसनं यायचो. रोज जेवणाच्या सुट्टीत एक अक्षर. तो मशीनभोवती फिरून शब्द हेरायचा, बोट ठेवायचा आणि अर्थ विचारायचा. लाइनवरचे चेष्टा करत, "काय गुरुजी, आज कोणत्या अक्षराची पूजा?" तो हसून म्हणे, "तुमच्या नावाचं अक्षर आलं की सांगतो, त्याला काय अर्थच नसंल."

एफच्या दिवशी त्यानं ऑफवर बोट ठेवलं. "भाऊ, बंद करायला दोन एफ कशाला? एकानं बंद होत न्हाई का?" मी हसलो. तो धडा शेवटचा ठरला.

कारण ऑडिट आठवडाभर अलीकडे आलं. साहेब म्हणाले, "रजिस्टर पूर्ण पाहिजे राव. कसं ते तू बघ." ऑडिटच्या आधी रजिस्टरं भरत बसणं आमच्याकडे नवीन नव्हतं. एकाच बैठकीत लिहिलंय असं दिसू नये म्हणून तीन वेगवेगळी पेनं घ्यायची, हेही मला कुणीतरी शिकवलेलंच होतं. मी जी ते झेड, वीस पानं भरली आणि त्याच्यापुढं सरकवली.

"अन् शिकवणार कव्हा?"

"ऑडिट झालं की. तुम्ही सह्या तर करा."

त्यानं केल्या. प्रत्येक पानावर पूर्ण नाव, सावकाश.

ऑडिट छान पार पडलं. मग ऑर्डर वाढल्या, ओव्हरटाइम लागला. "भाऊ, जीचं राह्यलं," असं तो दोनदा म्हणाला. मी दोन्ही वेळा "उद्या" म्हणालो. तिसऱ्यांदा तो म्हणाला नाही, आणि मला बरंच वाटलं. रजिस्टर पूर्ण होतं, म्हणून त्याला प्रेसवर उभं केलं.

प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. हात आत गेला की मशीन थांबतं. साचा बदलताना तो पडदा किल्ली फिरवून तात्पुरता बंद ठेवतात. तेव्हा एक पिवळा दिवा लागतो आणि त्याखाली लिहिलेलं असतं म्युटिंग. त्या सकाळी आधीच्या शिफ्टनं किल्ली तशीच सोडली होती. दिवा लागलेला होता. पत्रा तिरका बसला म्हणून त्यानं हात घातला.

उजव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली.

म्युटिंग या शब्दात ए ते एफ यांपैकी एकही अक्षर नाही. मी पुन्हा पुन्हा तपासलंय. जीच्या पानावर तो पहिलाच शब्द होता, माझ्या अक्षरात, निळ्या पेनानं.

चौकशीला तो हात गळ्यात बांधून आला. मी शेजारच्या खुर्चीवर. साहेबांनी ते पान त्याच्यासमोर धरलं.

"ही सही तुमचीच ना?"

"व्हय."

"मग दिव्याखाली काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत होतं."

त्यानं डाव्या हाताचं बोट पानावरच्या पहिल्या शब्दावर ठेवलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. आता सांगेल, असं मला वाटलं. पण त्याच्या नजरेत आरोप नव्हता. परीक्षेत उत्तर अडलेल्या पोरासारखा तो मला विचारत होता, की आपण हे केलं होतं का? मी टेबलाकडे बघत राहिलो.

"शिकवलं असंल साहेब," तो म्हणाला. "भाऊंनी एवढं लिहिलंय. माझ्याच ध्यानात राह्यलं नसंल."

साहेबांनी ते लिहून घेतलं. चूक कामगाराची. पुढच्या वर्षी त्याचं कंत्राट वाढवलं नाही. मी सुपरवायझर झालो.

एवढंच असतं, तर कदाचित अजूनही गप्प राहिलो असतो. पण गेल्या महिन्यात रहाटणीच्या भाजी मंडईत तो भेटला. मेथीची जुडी डाव्या हातात. चहा घेतला. एका सोसायटीत वॉचमनची नोकरी आली होती, ती त्यानं नाकारली, असं म्हणाला.

"का हो?"

"तिथं गाड्यांचे नंबर ध्यानात ठेवावे लागतेत. माझं डोकं आता भरवशाचं न्हाई, भाऊ." तो सहजच बोलत होता. "डॉक्टरला दावलं. ते म्हणतेत काय न्हाई झालेलं. पण मला ठाऊक हाय ना. एफपर्यंतचं समदं आठवतंय बघा, ऑफचे दोन एफसुद्धा. जीचा दिवस काय केल्या आठवत न्हाई. कुठं बसलो होतो आपण त्या दिवशी?"

मी म्हणालो, "बऱ्याच दिवसांची गोष्ट आहे." चहाचे पैसे तोच देऊन गेला.

म्हणजे बोटांबरोबर मी त्याचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वासही घेतला, आणि तो अजून माझ्याकडेच आहे. हे कागदावर लिहिणं म्हणजे त्याला सांगणं नव्हे. तो हे वाचणार नाही. त्याची खोली माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

तुम्ही काही विसरला नाहीत, जीचं पान मी तुम्हाला कधी शिकवलंच नाही, हे त्याच्या तोंडावर सांगणं आणि तेच कंपनीला सहीनिशी लिहून देणं, एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.