माउंटखाली गेलेला माणूस

मी निघाले त्या दिवशीही दुकान उघडं होतं. मुलगी विलायतेला चालली म्हणून शटर खाली ओढणाऱ्यांतले आमचे अब्बा नव्हते. हडपसरच्या रस्त्यावर मुंबईला जायची गाडी कशीबशी उभी केलेली, मागून बसवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता, आणि अब्बा एका आजोबांना दत्ताच्या तसबिरीला सोनेरी पट्टी चांगली दिसेल की सागवानी, हे सावकाश समजावत होते. आजोबा गेल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून माउंट कापायची सुरी काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "मोठ्या बॅगेत ठेव. हातातल्या बॅगेतून नेऊ देणार नाहीत." आशीर्वाद म्हणायचा तर तो एवढाच.

सोपानकाका मागच्या खोलीच्या दारात उभे होते. काच कापायचा हिरा हातात तसाच. त्यांनी तो हात थोडा वर केला, पण पुढे आले नाहीत. मला वाटलं, लाजले.

आमचं दुकान फोटो फ्रेमचं. ज्यांनी कधी फ्रेम करून घेतली नसेल त्यांच्यासाठी सांगते: फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठा असतो, त्याच्या मधोमध खिडकी कापलेली असते, तो माउंट. खिडकीत येतं ते दिसतं, बाकीचं पुठ्ठ्याखाली जातं. घरी आम्ही दखनी बोलायचो, पण अब्बांची धंद्याची भाषा मराठी होती आणि तिच्यात त्यांची दोन वाक्यं ठरलेली होती. एक, माउंट उचलून पाहिल्याशिवाय फोटोबद्दल बोलायचं नाही. दुसरं, गिऱ्हाईक सांगेल तेवढंच दाखवायचं. ही दोन्ही वाक्यं ऐकत मी मोठी झाले आणि ती एकाच माणसाची कशी, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

माउंट कापायला मला अब्बांनी नाही, सोपानकाकांनी शिकवलं. ते शेजारच्या मांजरी गावाहून सायकलवर यायचे. काच, पुठ्ठा, खिळे, सगळं काम त्यांचं, तेही मागच्या खोलीत. काका डावखुरे. खिडकी कापताना सुरी कोपऱ्याच्या जराशी पुढे जातेच, पण सगळ्यांची जाते त्याच्या उलट बाजूला त्यांची जायची. मी चिडवायचे, "काका, तुम्ही प्रत्येक फ्रेमवर सही करता." ते हसायचे आणि पुठ्ठ्याची भुकटी फुंकून टाकायचे.

इंग्लंडमधल्या ज्या गावात मी आले तिथे एक छोटं म्युझियम आहे. दोन वर्षं सुपरमार्केटच्या गल्ल्यावर काढल्यावर त्याच्या फोटोंच्या स्टोअरमध्ये मला नोकरी लागली, ती त्या सुरीमुळेच. पीएच.डी. झालेले तिथे तीन होते, पण सरळ रेघ कापणारं कोणी नव्हतं. कामाला लागल्यावर रोज कोणीतरी गोड आवाजात विचारायचं, तू मूळची कुठली. लीड्सहून आलेल्या गोऱ्या पोरीला हे कोणी विचारत नसे. मी पुणे म्हणायचे. ते "हाउ लव्हली" म्हणायचे आणि करीच्या गप्पांकडे वळायचे.

मग हिंदुस्थानातल्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं. फ्रेम उघडून साफ करायचं काम माझ्याकडे. त्यातला एक फोटो चक्क आमच्या पुण्याचा, कॅम्पातल्या बंगल्यासमोरचा. साहेब, मडमीण, पायाशी कुत्रा, कडेच्या खुर्चीवर दीडेक वर्षाचं पोर. पोराच्या काखेत दोन काळे हात होते. मनगटापर्यंतच, कारण पुढे माउंट. सगळ्यांनी तो फोटो पाहिला होता, कॅटलॉगमध्ये छापायला निवडलाही होता, पण ते हात कुणाचे हे कोणी विचारलं नव्हतं. मी सवयीने माउंट उचलला. खाली एक बाई होती. नऊवारी, डोक्यावर पदर, पोर हलू नये म्हणून वाकलेली, आणि तिने नेमकं कॅमेऱ्याकडे पाहिलेलं. मागे पेन्सिलने नावं होती. साहेबाचं, मडमेचं, पोराचं आणि कुत्र्याचंही. बाईच्या जागी नुसतं "आया".

मी फोटो घेऊन वरच्या बाईंकडे, म्हणजे आमच्या स्टोअरच्या प्रमुखांकडे, गेले. त्या चांगल्या आहेत, माझ्या वाढदिवसाला केक आणतात. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, मूळचा माउंट हासुद्धा इतिहासच आहे, तो बदलता येणार नाही. झालं. ज्या पुठ्ठ्याखाली तिला घातलं तो पुठ्ठा त्यांनी जपायला घेतला. मी माझ्या हाताने तो परत लावला. नोकरी होती.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी अब्बांना फोन केला. चांगलीच तापले होते. गोरे असे, गोरे तसे, कुत्र्याला नाव आहे आणि बाईला नाही. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मापात बसत नसेल." मी फोन ठेवला. वाटलं, म्हातारा माणूस, याला काय कळणार.

पुढच्या वर्षी अब्बांनी दुकान बंद करायचं ठरवलं. गुडघे गेले होते. मी महिन्याची रजा घेऊन आले. आपल्या गावात पाहुण्यासारखं येणं काय असतं ते तुमच्यापैकी परदेशी गेलेल्यांना ठाऊक आहे, आणि मागे राहिलेल्यांना तो आमचा नखरा वाटतो. सोपानकाका त्याआधीच वारले होते. अब्बांनी तेही फोनवर, बाकीच्या बातम्यांच्या मधे सांगितलं होतं.

काउंटरच्या मागच्या भिंतीवर दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो होता. मी त्याच्याखाली बसून शाळेचा अभ्यास केला आहे. एका टोकाला आमचे आजोबा, शेजारी तरुण अब्बा, फीत कापायला आलेले पुढारी, चार व्यापारी. रंगीत फोटो, पण उन्हाने सगळ्यांचे चेहरे पिवळट पडलेले. मी तो उतरवला, उलटा केला, खिळे काढले. माउंट उचलायचं काही कारण नव्हतं. हात सवयीने गेला.

आजोबांच्या डाव्या हाताला सोपानकाका उभे होते. निळा चौकड्यांचा नवा शर्ट, केस पाण्याने बसवलेले, छाती थोडी पुढे. त्यांच्यापर्यंत उजेड पोचलाच नव्हता, म्हणून त्यांचा रंग जसाच्या तसा राहिला होता. मी माउंट हातात घेऊन पाहिला. कोपऱ्यातली रेघ उलट्या बाजूला पुढे गेली होती.

म्हणजे खिडकी त्यांनीच कापली होती. स्वतःला बाहेर ठेवून.

"हे कुणी करायला लावलं?" मी अब्बांना विचारलं.

ते स्टुलावर बसले होते. "तुझ्या आजोबांनी."

"का?"

"लोक देवांच्या तसबिरी घेऊन यायचे. मुसलमानाच्या दुकानात देव द्यायचा, हेच त्यांना जड जायचं. त्यात तसबिरीला हात लावणारा कोण आहे, त्याची जात कोणती, हे कळलं असतं तर परत कोणी आलं नसतं. आजोबा म्हणाले, भिंतीवरच्या फोटोत तो आहे तोवर लोक हा कोण म्हणून विचारत राहणार. सोपानला सांगितलं. आत गेला आणि कापून घेऊन आला."

"आणि गिऱ्हाईक आलं की ते आत जायचे, ते लाजायचे म्हणून नव्हे."

हे मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मला घाण वाटली. त्यांचीच नाही, माझीही. वीस वर्षं मी मागच्या खोलीच्या दारातून आत-बाहेर केलं, त्यांना काका म्हटलं, त्यांच्या डब्यातली चटणी खाल्ली, आणि तो माणूस काउंटरला कधीच का येत नाही हे मला साहेबाच्या फोटोतली बाई पाहूनही सुचलं नाही. मग मी विचारलं, "काकांचं आडनाव काय?"

अब्बांनी आठवून पाहिलं. "आम्ही सोपानच म्हणायचो. मांजरीचा सोपान."

मांजरीला ऊस आता थोडाच उरला आहे, बाकी टॉवर आणि त्यांच्या कमानी. काकांची मुलगी मंदाताई अशाच एका टॉवरच्या मागे जुन्या घरात राहते. मी कोण ते सांगितल्यावर तिने खुर्ची दिली. मी फोटो पुढे केला. तिने चष्मा लावला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"हा शर्ट आईनं शिवून घेतलावता," ती म्हणाली. "बाबा म्हनायचे, दुकानात माझा फोटू हाय. आम्ही एकदा बगायला बी आलो व्हतो लहानपनी. दिसलाच न्हाई. आईला वाटलं, बाबा उगं मोठेपना सांगत्यात."

तिच्या घरात भिंतीवर काकांचा एकही फोटो नव्हता. शेकडो घरांच्या भिंती भरून देणाऱ्या माणसाचा एकही नाही. दहाव्याला ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला होता, त्यात तोंड ओळखू येत नाही म्हणून नंतर काढून ठेवला, असं तिने सांगितलं.

"ह्यातनं निस्ते बाबा देशील करून? बाकीची मानसं नकोत."

मी हो म्हटलं. आपल्याकडे माणूस गेला की ग्रुप फोटोतून त्याला एकट्याला काढून हार घालतात, त्यात नवं काही नाही. दुकानातलं शेवटचं काम म्हणून मी नवा माउंट कापायला घेतला. अब्बा समोर बसून पाहत होते. खिडकीची रेघ आजोबांच्या खांद्यावरून जाणार आणि चेहरा पुठ्ठ्याखाली जाणार हे त्यांच्या लक्षात आलं.

"तू तुझ्या आजोबांना झाकतेस?"

"गिऱ्हाईक सांगेल तेवढंच दाखवायचं, अब्बा."

ते उठून आत गेले. मागच्या खोलीत, काकांच्या जागी. बराच वेळ बाहेर आले नाहीत आणि मीही बोलावलं नाही. खिडकीत काका पूर्ण आले, आणि कडेला आजोबांच्या खांद्याचा पांढरा तुकडा राहिला. तो काढता आला असता. मी राहू दिला. दुसऱ्या दिवशी मंदाताईला नाव विचारून फोटोच्या मागे पेन्सिलने लिहिलं: सोपान भिवा साळवे. भिवातला भि ऱ्हस्व की दीर्घ, तेही तिलाच विचारावं लागलं.

आता परत इथे, म्युझियमच्या गावात आहे. प्रदर्शन झालं, लोकांनी वाखाणलं, ती बाई पुठ्ठ्याखालीच आहे. मी दर महिन्याला वरच्या बाईंना तिच्याबद्दल मेल टाकते आणि त्या दर महिन्याला आभार मानतात. पण आता तेवढं तापून लिहिता येत नाही, कारण लिहिताना अब्बांचं "मापात बसत नसेल" ऐकू येतं आणि ते त्यांनी साहेबाबद्दल म्हटलेलं नव्हतं, हे मला आता कळलं आहे.

अजूनही लोक विचारतात, तू मूळची कुठली. पूर्वी याचा राग यायचा आणि घराची आठवण काढून मी तो गिळायचे. आता पुणे म्हणत नाही, हडपसर म्हणते. त्यांना ते कळत नाही आणि मी समजावत बसत नाही. हडपसर म्हणजे ते दुकान, आणि त्या दुकानात काका मागच्या खोलीत होते आणि मी पुढे काउंटरला, सगळ्यांना दिसेल अशा जागी वाढले.