संमेलनातला माग

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी बेळगावच्या कॉलेजात शिकत होते. एके दिवशी फळ्यावर स्नेहसंमेलनाची सूचना लागली: गायन, नाटक आणि शेवटच्या दिवशी हस्तकलेचं प्रदर्शन. सरांनी वर्गात विचारलं, "शहापूरचा माग कुणी आणू शकेल?" मी हात वर केला. वर्गात शहापूरच्या विणकराच्या घरातली मी एकटीच होते.

घरी आल्यावर आपण काय करून बसलो ते कळलं. लढाईमुळं सूत मिळेनासं झालं होतं. आमच्या मागावर ताणा चढवलेला होता, पण आडवं भरायला धागा नव्हता. आप्पा रोज सकाळी सवयीनं मागावर बसायचे आणि तसेच उठायचे.

"मला बघाय लोक येणार व्हय?" त्यांनी विचारलं.

"आप्पा, माझं नाव लिहून घेतलंय सरांनी."



आठवडाभर मी सुतासाठी गल्लीतले उंबरे झिजवले. सगळीकडे माग बंद. शेवटी आईनं पेटीतलं स्वतःचं लग्नातलं लुगडं काढलं आणि त्याचा आडवा धागा उसवायला बसली. मी रडत तो धागा गुंडाळून कांड्या भरत होते. तिनं मान वर केली नाही.

प्रदर्शनात आप्पा मंडपाच्या कोपऱ्यात विणायला बसले. जुना धागा सारखा तुटायचा. ते गाठ मारायचे, पुन्हा तुटायचा. दुपारच्या आतच कांड्या संपल्या. लोक तर येतच होते. आप्पा उठले नाहीत. आडवा धागा नेणारा धोटा रिकामाच इकडून तिकडे फेकत राहिले.

एक वकिलीणबाई वाकून म्हणाल्या, "अहो, यात धागाच नाही."

"न्हाय बाई. संपला," आप्पा म्हणाले आणि पुन्हा धोटा फेकला.

मी भरतकामाच्या टेबलामागं मैत्रिणींत उभी होते. पुढं जावं, हे माझे वडील आहेत म्हणून सांगावं, असं फार वाटत होतं. पाय उचलले नाहीत. आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली.

संध्याकाळी माग गाडीत चढवताना मी म्हटलं, "आप्पा, मी पुढं यायला पाहिजे होतं."

"ऱ्हाऊ दे गं," ते म्हणाले. "दोरी धर."

पुढच्या महिन्यात ते कॅम्पात लष्कराच्या गोदामावर हमालीला जाऊ लागले. मी त्या वर्षी परीक्षेला बसले नाही. बसू नको असं घरात कुणीही म्हटलं नव्हतं.