तार काढलेली घंटी

भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही, हे आधीच सांगून टाकते. वडनेर भोलजीला माझे वडील शाळामास्तर होते. घरात कुणी 'झपाटलं' असं म्हटलं, की ते आधी थर्मामीटर शोधायचे!

तरी हे लिहितेय, कारण परवा नातसुनेनं विषय काढला. ती पुण्यात कंप्युटरचं काम करते. तिचा सर्व्हर कुठेतरी दूरदेशी. तो तापला, त्यातली जागा भरत आली किंवा कुणी चोरून आत शिरू लागलं, की हिच्या मोबाइलवर आपोआप अलार्म येतो. "आजी, तिथे राखणीला माणूस लागतच नाही," म्हणाली. मी म्हटलं, अगं, अशी घंटी आमच्याही घरात होती... आणि मग वही काढून हे लिहायलाच बसले.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. चिखलीच्या पुढे एका गावाच्या नळयोजनेवर आमचे 'हे' पंप चालवायचे. विहीर, पंपघर आणि आमची खोली खाली नाल्याकाठी – पाण्याची टाकी लांब टेकडीवर. तिथून खांबांवरून तार आणून आमच्या ओसरीतल्या घंटीला जोडली होती. टाकीतलं पाणी फार खाली गेलं की घंटी वाजायची. कुणी टाकीचं लोखंडी झाकण उघडलं, तरी वाजायची.

त्या उन्हाळ्यात मी पोटुशी होते, दिवस भरत आलेले. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. टाकी धुवायची होती, त्या सकाळी हे स्टुलावर चढले, घंटीची तार काढली आणि तिच्या टोकाला चिंधी गुंडाळली.

"काऊन काढता?" मी विचारलं.

"टाकी रिकामी, झाकण उघडं... दिवसभर कोकलत राहीन ते. तू झोप जराशी."

एवढंच बोलून ब्लीचिंग पावडरचा डबा आणि खराटा घेऊन निघाले. मदतीचा गडी तुकाराम बाजार करून मागून जाणार होता.

दुपारी जरा पडले, तोच घंटी वाजली. नेहमीसारखी सलग नाही... थांबून थांबून, कुणी दारावर थाप मारावी तशी. वाटलं, स्वप्नच. पण बाहेर तुकारामची बायको गयाबाई कुरडया वाळत घालत होती, तीच म्हणाली, "पोरी, तुह्यी घंटी कवाची वाजून राह्यली वं!"

मी वर पाहिलं. तार मोकळी लोंबत होती, टोकाला चिंधी तशीच. आणि घंटीची हातोडी हलत होती.

खरं तर भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. फक्त इतकंच कळलं, की वर जायचं.

"अवं, अशा दिवसात टेकडी चढशीन?" गयाबाई ओरडली. पण मी चालू लागलेली पाहून तीही धावत आली. वाटेत बाजाराहून येणारा तुकाराम भेटला. तो पुढे पळाला.

झाकण उघडं होतं. आतून पावडरचा उग्र दर्प येत होता, आणि खाली शिडीच्या पायथ्याशी हे निपचित पडलेले. तुकारामनं तोंडाला ओला पंचा बांधला, आत उतरून यांच्या काखेतून दोर घातला. कसेबसे वर काढले. किती वेळ खोकत होते, ओकत होते... मग डोळे उघडले.

"कुसुम," म्हणाले.

लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं. माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते.

"आली तू? तुलेच हाका मारून राह्यलो होतो. आवाजच निघेना." सगळ्यांसमोर त्यांनी माझा हात धरला, तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी विचारलं, "पण तुले समजलं कसं?"

"घंटी वाजली."

ते हसले. मग माझा चेहरा बघून भिंतीला धरत उठले, घंटीपाशी गेले. चिंधीची गाठ त्यांनीच मारलेली, जशीच्या तशी. गयाबाईला बोलावून विचारलं, तिनंही तेच सांगितलं.

पुढे कितीतरी वर्षं त्यांनी कारण शोधलं. घंटीची बॅटरी तपासली, वाऱ्यानं हलली असेल म्हणून पाहिलं, दुसऱ्या घंट्या जोडून पाहिल्या. पंप, मोटारी, वायरिंग यात आयुष्य गेलेला माणूस, पण हे काही उलगडलं नाही. मलाही नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा.

गेल्या वर्षी हे गेले. आजारपणात आमच्या मुलीनं त्यांना पुन्हा एकदा विचारलं होतं, "बाबा, खरंच वाजली होती का हो?"

तिला म्हणाले, "तार जोडेल नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. अन् तुह्यी माय टेकडी चढून आली, हेही शपथेवर सांगतो. मधलं काय झालं, ते मले माहीत नाही."